मॉरिशसचं डोंगरी जंगल आणि बेटाचं पाणी: ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारलं, की समुद्र, गंगा तलाव आणि शामारेलची सात रंगांची माती एवढं हमखास ऐकायला मिळतं. गंगा तलावापासून दोन-तीन किलोमीटरवर पेत्रँ नावाचा एक चौक आहे. तिथून पुढे बेटावरचं उरलंसुरलं मूळ जंगल सुरू होतं. बेटाच्या नळांना येणाऱ्या पाण्याशी त्याचं थेट नातं आहे, तरी बहुतेक गाड्या तिथे न थांबता पुढे जातात. त्या जंगलाबद्दल लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

हे जंगल नेमकं कुठे आहे आणि केवढं आहे?

बेटाच्या नैर्ऋत्य भागातल्या डोंगराळ पट्ट्यात. १५ जून १९९४ रोजी त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मॉरिशसचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ६,५७४ हेक्टर, म्हणजे मुख्य बेटाच्या सुमारे साडेतीन टक्के. मकाबे आणि बेल ऑम्ब्र या बाजूंची वनं त्याआधीपासून राखीव होती आणि १९७७ मध्ये युनेस्कोने त्यांना जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली होती.

उद्यानाची रचना समजायला सोपी आहे. वर प्लेन शॅम्पेनचं पठार, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. पठाराच्या कडेला बेटाचं सर्वोच्च शिखर, ८२८ मीटरचं. आणि पठार जिथे संपतं तिथे ब्लॅक रिव्हर नदीने ज्वालामुखीच्या काळ्या कातळात कोरलेल्या खोल घळी, ज्या थेट पश्चिम किनाऱ्याच्या दिशेने उतरतात. कातळ बेसॉल्टच आहे, म्हणून सह्याद्रीत हिंडलेल्याला या कड्यांचा रंग आणि पोत लगेच ओळखीचा वाटतो.

एवढ्याशा बेटावर इतका पाऊस कुठून येतो?

आग्नेयेकडून वर्षभर व्यापारी वारे वाहतात. हिंदी महासागरावरून बाष्प घेऊन आलेली ही हवा मधल्या पठाराला धडकते, वर चढते, थंड होते आणि बरसते. पठाराच्या माथ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. पलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर, सरळ रेषेत पंधरा-वीस किलोमीटरवर, हजार मिलिमीटरसुद्धा होत नाही. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यातलाच हा फरक, फक्त खूप कमी अंतरात सामावलेला. पावसाचा मुख्य काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च. पण माथ्यावर कोरडा म्हणावा असा महिना क्वचितच असतो; धुकं आणि रिमझिम तिथे बारमाही.

म्हणजे हे जंगल पाऊस पाडतं का?

नाही, निदान लोक समजतात त्या अर्थाने नाही. पाऊस पडतो तो डोंगर आणि वारा यांच्यामुळे. जंगल काढून टाकलं तरी वारा डोंगराला धडकणारच. पण पडलेल्या पावसाचं पुढे काय होतं, हे जंगल ठरवतं, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे.

माथ्यावरच्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे, आमऱ्या यांचा जाड थर असतो. धुक्यातले थेंब त्यात अडकतात आणि पर्जन्यमापकात न मोजलं जाणारं पाणी खाली टपकत राहतं. जमिनीवर कुजक्या पानांचा थर असतो, त्याखाली मुळांनी भुसभुशीत केलेली माती. चक्रीवादळात एका दिवसात कोसळणारा पाऊस या थरांत काही काळ तरी थोपतो, मुरतो, आणि मग आठवडे, महिने ओढ्यांतून झिरपत राहतो. माती उघडी असेल तर तेच पाणी तासाभरात गढूळ होऊन समुद्राला मिळतं आणि जाताना धरणात गाळ टाकतं.

जंगल आणि पाऊस यांचं नातं या बेटावर फार आधी ओळखलं गेलं होतं. फ्रेंच राजवटीत पिएर प्वाव्र नावाचा प्रशासक होता. त्याच्या कारकिर्दीत, १७६९ मध्ये, एक नियमावली निघाली: प्रत्येक जमीनमालकाने एक चतुर्थांश जमीन जंगलाखाली ठेवावी, विशेषतः डोंगरउतारावर, आणि पाण्याच्या कडेची झाडं तोडू नयेत. झाडं गेली तर पाऊस आटेल, ही त्याच्यासारख्यांची धास्ती होती. शास्त्र म्हणून ती अर्धवटच होती, तरी त्यातून निघालेला नियम शहाणपणाचा होता. नदीकाठची आणि डोंगरउतारावरची वनं राखण्याची तरतूद मॉरिशसच्या कायद्यात आजही आहे. अडीचशे वर्षांपूर्वी, साखरेच्या आणि जहाजांच्या लाकडाच्या लालसेच्या काळात कुणीतरी एवढं लिहून ठेवलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

इथलं पाणी कुणाला मिळतं?

उद्यानाच्या ईशान्येला, राखीव वनांनी वेढलेलं मार ओ व्हाकोआ हे बेटावरचं सर्वांत मोठं जलाशय आहे. ते १८८५ मध्ये बांधलं गेलं. क्षमता सुमारे २.५९ कोटी घनमीटर. अंदाज यावा म्हणून: मुंबईच्या विहार तलावाची क्षमता याहून थोडी जास्त आहे. आणि ‘सर्वांत मोठं’ म्हणजे एवढंच! व्हाकोआ, क्यूरपिप आणि आसपासच्या गावांना इथून पाणी जातं. उद्यानाच्या कडेलाच मार लाँग हे दुसरं जलाशय आहे, आणि तामारँ धबधब्यांच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या कोरड्या किनारपट्टीच्या शेतांना आणि वस्त्यांना पाणी पुरवतात.

साठा असा बेताचा असल्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाऊस लांबला की लगेच पाणीकपात सुरू होते. एका पावसाळ्याचं पाणी दोन वर्षं पुरवण्याची सोय या बेटावर नाही. त्यामुळे वरच्या मातीत जे मुरेल त्याच्यावरच कोरड्या महिन्यांची मदार असते.

मूळ जंगल किती उरलं आहे?

चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. माणसं कायमची राहायला आली तेव्हा जवळजवळ सगळं बेट रानाखाली होतं.

डच १६३८ मध्ये वसाहत करून राहिले ते मुख्यतः अबनूसाच्या काळ्या लाकडासाठी. ते १७१० मध्ये गेले. मग फ्रेंच आले, १८१० नंतर ब्रिटिश. जहाजं, चुन्याच्या भट्ट्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे ऊस. सपाट जमीन संपली तसा ऊस उतारांवर चढला. पठारावरचं रान वाचलं ते मुख्यतः तिथे थंडी आणि पाऊस फार, माती कसदार नाही आणि ऊस नीट येत नाही म्हणून.

अनेकांना धक्का बसतो तो पुढच्या भागाने. शेवटचा मोठा घाव वसाहतकाळातला नाही, १९७० च्या दशकातला आहे. देश स्वतंत्र झाल्यावर, लाकडासाठी पाइन लावायचं म्हणून पठारावरचं मूळ रान मोठ्या पट्ट्यांत साफ करण्यात आलं. ज्या पक्ष्यांना वाचवायला पुढे जग धावलं, त्यांचीच ही घरं होती. पेत्रँकडे येताना रस्त्याच्या कडेला जी शिस्तीत उभी असलेली उंच झाडं दिसतात आणि ज्यांचे फोटो लोक ‘किती सुंदर जंगल’ म्हणून काढतात, ती बरीचशी लावलेली पाइन आहेत.

मूळ जंगल ओळखायचं कसं? झाडं अगदीच अनोळखी आहेत का?

जाती अनोळखी, कुळं ओळखीची. इथला अबनूस आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद. बकुळीच्या प्रजातीतली इथली काही झाडं बेटाबाहेर सापडत नाहीत. जांभळाच्या प्रजातीतली कितीतरी झाडं आहेत, उंडीचं एक नातलग आहे. पठारावरच्या दलदलीत केवड्याच्या जातकुळीतल्या झाडांची दाटी असते. तीच लांब काटेरी पानं, तेच आधारमुळांवर उभं राहणं.

मूळ रान बुटकं असतं. चक्रीवादळं सोसून सोसून ही झाडं फार उंच जातच नाहीत. खोड जाड, लाकूड अतिशय कठीण, वाढ अगदी मंद. प्लेन शॅम्पेनवर तर लोहयुक्त कठीण थरावर जेमतेम डोक्याएवढी झुडपं आहेत. पाहणाऱ्याला ती नुसती झाडी वाटते, पण तीत अशा वनस्पती आहेत ज्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. उद्यानात फुलझाडांच्या सुमारे तीनशे स्थानिक जाती नोंदल्या आहेत.

रस्त्याकडेला लोक लाल पेरू तोडताना दिसतात. ते चांगलं की वाईट?

हा प्रश्न साधा दिसतो, पण या जंगलाचं सगळं दुखणं त्यात आहे.

हा ‘चिनी पेरू’ मूळचा ब्राझीलचा. सुपारीपेक्षा थोडा मोठा, पिकला की गडद लाल, आंबटगोड. तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून हंगाम असतो. त्या दिवसांत अख्खी कुटुंबं पिशव्या, बादल्या घेऊन पठारावर येतात. मीठ-मिरची लावून तिथेच खातात, रस्त्यावर विकायलाही ठेवतात. मॉरिशसच्या माणसाच्या लहानपणाच्या आठवणींत हा पेरू असतोच.

आणि हाच पेरू जंगल गिळतो आहे. त्याचं फळ माकडं, डुकरं, पक्षी सगळे खातात आणि बी सगळीकडे टाकतात. रोपं इतकी दाट उगवतात की दोन खोडांमधून हातही घालता येत नाही. अशा पेरूच्या रानात वाकून पाहिलं की गुळगुळीत, तांबूस सालीची मनगटाएवढी खोडं खांद्याला खांदा लावून उभी दिसतात आणि त्यांच्याखाली मूळ झाडाचं एकही रोप नसतं. वर जुना अबनूस उभा असतो, दोनतीनशे वर्षांचा असेल; पण त्याला वारस नाही. तो पडला की त्या जागी पेरूच येणार. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसतं, म्हणून हे नुकसान लवकर ध्यानात येत नाही.

पाण्याच्या दृष्टीनेही फरक पडतो. हवाई बेटांवर याच पेरूच्या रानांची मोजणी झाली आहे. तिथल्या मूळ जंगलापेक्षा पेरूच्या रानातून जास्त पाणी बाष्प होऊन उडून जातं, असं त्यात दिसलं.

तर तोडून खाल्लेलं चांगलंच. खाणाऱ्याने बिया रानात थुंकू नयेत आणि कुणी हौसेने रोप घरी नेऊन लावू नये. फळं तोडण्याने मात्र हा पेरू कमी होत नाही. तो मुळासकट उपटावा लागतो, आणि दर काही महिन्यांनी परत येऊन नवी रोपं उपटावी लागतात.

आपल्याकडचे प्राणी-पक्षी तिथे दिसतात म्हणे. मग ते घरचेच नाहीत का?

आपल्याला घरचे, त्या बेटाला परके. मॉरिशसमध्ये हिंडताना मराठी माणसाला चटकन बरं वाटतं, कारण सकाळी साळुंकी ओरडत असते, कुंपणावर तुरेवाला शिपाई बुलबुल असतो, झाडीतून मुंगूस पळतं आणि आकाशातून पोपटांचा थवा जातो. हे सगळे माणसाने नेलेले. शिपाई बुलबुल आणि आपला पोपट तिथे सुटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंगूस आणलं गेलं उंदीर मारायला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुंगसाने उंदीर संपवले नाहीत, पण जमिनीजवळ वावरणाऱ्या पक्ष्यांना मारायला सुरुवात केली. पोपट ढोल्यांसाठी तिथल्या मूळ पोपटाशी भांडतो. शिपाई बुलबुल परक्या झुडपांच्या बिया पसरवतो.

माधवीलता तर आपल्या काव्यातली, देवळाच्या मांडवावरची वेल. मॉरिशसच्या कोरड्या उतारांवर तिने मूळ झाडांना अक्षरशः झाकून टाकलं आहे. घाणेरी दोन्हीकडे परकी आणि दोन्हीकडे त्रासदायक.

त्याआधीचे पाहुणे आणखी घातक ठरले. जावामधून डचांनी १६३९ मध्ये हरणं आणली. लांब शेपटीची माकडं त्याच काळात किंवा त्याआधी जहाजांतून आली. डुकरं आणि उंदीर आलेच. या बेटावर माणूस येण्यापूर्वी वटवाघळांखेरीज सस्तन प्राणीच नव्हते. त्यामुळे इथल्या झाडांना चरणाऱ्या खुरांची आणि पक्ष्यांना अंडी खाणाऱ्या हातांची सवयच नाही.

या जंगलातले पक्षी इतके प्रसिद्ध का आहेत?

कारण ते गेलेच म्हणून लोकांनी हात टेकले होते, आणि ते परत आले.

मॉरिशसची खरूची हा छोटा शिकारी पक्षी. १९७४ मध्ये जंगलात फक्त चार पक्षी माहीत होते. जंगलतोड झालीच होती. शिवाय हिवतापाच्या डासांसाठी आणि शेतात डीडीटी वापरलं गेलं, ते भक्ष्यातून या पक्ष्यांच्या अंगात साठलं. त्या वेळी अनेक तज्ज्ञांचं मत होतं की यावर पैसे घालवू नयेत. कार्ल जोन्स हे वेल्सचे जीवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे आले आणि त्यांनी ऐकलं नाही. कड्यातल्या घरट्यातली पहिली अंडी काढून घ्यायची, ती यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची. तोवर मादी दुसऱ्यांदा अंडी घालते. रानातल्या जोड्यांना वरून खाद्य द्यायचं, घरट्यासाठी पेट्या लावायच्या, आजूबाजूची मुंगसं पकडायची. अशा चिकाटीने खरूचीची संख्या शेकड्यांत गेली. मधल्या काळात ती पुन्हा घटली आहे आणि तिला परत धोक्यातल्या यादीत टाकावं लागलं, हेही सांगायला हवं.

गुलाबी कबुतराची गत तशीच. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास पक्षी उरले होते. आज काहीशे आहेत आणि २०१८ मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जा एका पायरीने उतरवण्यात आला. ‘इको’ पोपट, म्हणजे तिथले मूळ पोपट, तर १९८० च्या दशकात दहा-बाराच राहिले होते; तेही आता काहीशे झाले आहेत. या कामात १९८४ मध्ये स्थापन झालेलं मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, सरकारचं राष्ट्रीय उद्यान खातं आणि इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरची, प्राणिप्रेमी लेखक जेराल्ड ड्यूरेल यांची संस्था हे एकत्र होते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. यांतल्या पुष्कळ कबुतरांना आणि पोपटांना आजही रानात ठेवलेल्या खाद्यपेट्यांचा आधार आहे. पायात रंगीत कडी असलेलं गुलाबी कबुतर समोरच्या फांदीवर निवांत बसलेलं दिसतं, ते या रोजच्या राबत्यामुळे. पक्षी वाचले, त्यांना पोटभर फळं देणारं रान अजून परत उभं राहिलेलं नाही.

पक्षी दिसले नाहीत तर जवळून पाहण्यासारखं काय आहे?

पेत्रँला केवड्याच्या झुडपांपाशी थोडा वेळ नुसतं उभं राहा. शेजारी ट्रोचेटियाचं झुडूप असेल तर त्याला गुलाबी-लाल, खाली लोंबणाऱ्या घंटेसारखी फुलं असतात. त्यांचा मकरंद पाण्यासारखा रंगहीन नसतो, रंगीत असतो. जगात फार थोड्या फुलांचा मकरंद असा असतो. मग केवड्याच्या पानातून एक हिरवीगार पाल बाहेर येते: पाठीवर लाल ठिपके, शेपूट निळी. ती फुलात डोकं घालते, मकरंद चाटते आणि कपाळावर पराग घेऊन परत पानांच्या काट्यांत शिरते. तिथे तिला खरूचीपासून संरक्षण असतं. संशोधकांनी पाहिलं, की केवड्याच्या जाळीजवळच्या ट्रोचेटियाला दूरच्या झुडपांपेक्षा जास्त फळं धरतात. जवळच रुसिया नावाची आणखी एक दुर्मीळ वनस्पती आहे. तिचं परागण ही पाल करतेच, शिवाय तिच्या बियाही तीच पसरवते.

एका पालीसाठी केवडा, केवड्यासाठी दलदल, दलदलीसाठी वरचा पाऊस. यातलं एक काढलं तर बाकीचं कसं अडतं, हे तिथे दहा मिनिटांत दिसतं. मला त्या उद्यानात दरीच्या देखाव्यापेक्षा ही जागा जास्त आवडते.

डोडो नाहीसा झाला म्हणून तिथलं एक झाड मरत चाललं आहे, हे खरं का?

ही गोष्ट तांबालाकोक झाडाची. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय त्याची बी रुजत नाही, असा तर्क १९७७ मध्ये मांडला गेला आणि शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचला. आता तो मानला जात नाही. डोडो गेल्यानंतर रुजलेली झाडं सापडली आहेत आणि बी डोडोशिवायही रुजते. झाड दुर्मीळ झालं त्याची कारणं जास्त साधी आहेत: जंगलतोड, बिया खाणारी माकडं, आणि कोवळी रोपं दाबून टाकणारी परकी झाडी.

वटवाघळांवरून तिथे वाद का होतो?

मॉरिशसचं मोठं फळखाऊ वटवाघूळ मूळ जंगलाच्या बिया लांबवर नेतं. मोठ्या बियांसाठी तर आता तेच मुख्य वाहक उरलं आहे, कारण बेटावरची मोठी कासवं आणि अनेक पक्षी नामशेष झाले. पण रानात फळं कमी पडली की ते परसातल्या लिचीवर आणि आंब्यावर येतं. बागायतदारांच्या तक्रारींनंतर सरकारने २०१५ मध्ये कायदा बदलून वटवाघळं मारायला सुरुवात केली. हजारोंच्या संख्येने ती मारली गेली, पुढेही हे झालं. ज्याच्या झाडाची लिची एका रात्रीत संपते त्याचा राग मी समजू शकतो. पण झाडांवर नीट जाळी टाकण्याचा उपाय उपलब्ध असताना जंगल पेरणाऱ्या प्राण्यालाच गोळ्या घालणं मला चूक वाटतं.

मग जंगल वाचवण्यासाठी प्रत्यक्ष काय केलं जातं?

निवडक तुकड्यांना कुंपण घालतात, म्हणजे हरणं आणि डुकरं आत येत नाहीत. मग आतले पेरू आणि इतर परकी झाडं माणसांकडून काढून घेतात. ब्रीझ फेर, मकाबे, पेत्रँ, मार लाँग अशा ठिकाणी हे तुकडे आहेत. काम हातानेच करावं लागतं. यंत्र घातलं तर पेरूबरोबर अबनूसाचं रोपही जातं. काम करणाऱ्याला बोटभर उंचीच्या रोपांत मूळ कोणतं आणि परकं कोणतं ते पानावरून ओळखता यावं लागतं. मूळ रोपं रोपवाटिकेत वाढवून मोकळ्या जागी लावतात.

साफ केलेल्या तुकड्यात काही वर्षांत मूळ रोपं परत दिसू लागतात, हे वारंवार सिद्ध झालं आहे. अडचण एकच: हे तुकडे उद्यानाच्या मानाने फारच लहान आहेत आणि साफसफाई कधीच संपत नाही. एखाद्या वर्षी पैसे किंवा माणसं कमी पडली की पेरू परत शिरतो. नकाशावर हिरवी रेघ ओढली, कायद्यात नाव घातलं, एवढ्याने हे जंगल राहत नाही. ते रोज राखावं लागतं.

परकं झाड सरसकट तोडायचं, असंही नाही. जपानी सेडारच्या एका लावलेल्या राईत मॉरिशसचा दुर्मीळ फोडी पक्षी घरटी करतो, कारण तिथे माकडं आणि उंदीर कमी पोहोचतात. ती राई मुद्दाम ठेवली आहे.

या भागाशी मराठी माणसांचा काही संबंध आहे का?

आहे. १८३४ नंतर गिरमिट करारावर भारतातून मजूर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबंही गेली. त्यांचे वंशज आज व्हाकोआ, हेन्रिएटा आणि पश्चिमेकडच्या कास्कावेल या भागांत मोठ्या संख्येने आहेत. घरात क्रिओल बोलली जाते, पण शाळेत मराठी शिकता येते, जाखडी अजून नाचली जाते आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या गणेशोत्सवाची सुरुवात १८९६ मध्ये झाल्याचं मानलं जातं.

नकाशा पाहिला तर ही वस्ती याच पाणलोटाच्या कडेने पसरलेली दिसते. व्हाकोआ हे पठारावरच्या जलाशयाच्या उशाशी, हेन्रिएटा तामारँच्या सात धबधब्यांच्या तोंडाशी, कास्कावेल पर्जन्यछायेत. वरच्या रानाचं पाणी वापरणाऱ्यांत आपलीही माणसं आहेत.

गंगा तलाव उद्यानातच आहे का?

नाही, पण अगदी शेजारी आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. १८९८ पासून महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते, १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं आणि २००७ मध्ये ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती उभी राहिली. यात्रेला लाखो लोक येतात, कित्येक जण चालत.

इथे माकडांना केळी-प्रसाद देण्याची पद्धत पडली आहे. भक्तिभाव कळतो, पण कृपा करून देऊ नका. हनुमानाचं रूप मानून खाऊ घातलेली हीच माकडं रानात जाऊन पोपटाची आणि कबुतराची अंडी फोडतात. प्लॅस्टिकची पिशवी तर ती हातातून हिसकावतात आणि रानात टाकतात.

पाहायला जायचं तर कुठून सुरुवात करावी?

एकच तास असेल तर दरीचा देखावा दिसतो ती जागा आणि अलेक्झांड्रा धबधबा, दोन्ही रस्त्याजवळ. अर्धा दिवस असेल तर पेत्रँचं माहिती केंद्र आणि तिथली लाकडी पायवाट. चालणाऱ्यांसाठी पेत्रँहून मकाबेच्या रानातून खाली ब्लॅक रिव्हरच्या केंद्रापर्यंत उतरणारी वाट उत्तम. चार तास धरावेत आणि खाली गाडी सांगून ठेवावी, नाहीतर तीच चढण परत चढावी लागते. शिखराची वाट प्लेन शॅम्पेनच्या रस्त्यावरून निघते, बरीचशी सपाट आहे, शेवटचा टप्पा मात्र खडा आणि पावसात निसरडा.

विषारी साप नाहीत. धुकं दहा मिनिटांत उतरतं, म्हणून खाली किनाऱ्यावर ऊन असलं तरी रेनकोट घ्या. बुटांचे तळवे आधी घासून धुवा. चिखलातून बिया जातात.

चक्रीवादळाच्या दिवसांत गेलं तर चालेल का?

नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जाता येतं, पण रोज सकाळी हवामान खात्याची सूचना पाहा. मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचे १ ते ४ असे इशारे असतात. तिसरा लागला की घराबाहेर पडायचं नाही आणि त्याआधीच्या इशाऱ्यांतही डोंगरवाटांवर जाऊ नये. वादळ नसतानाही मुसळधार पाऊस झाला की घळीतले ओढे अचानक चढतात. ब्लॅक रिव्हरच्या बाजूला वाट पाण्यातून जाते तिथे पाणी गढूळ दिसलं तर ओलांडू नका, माघारी फिरा. वादळानंतर वाटांवर झाडं पडलेली असतात. ती हटवून वाट मोकळी झाली का, हे पेत्रँ किंवा ब्लॅक रिव्हरच्या केंद्रात विचारूनच निघा.